साताऱ्यातला रविवारचा वादवर्ग: पूर्वपक्ष पक्का, नीतीचा तास मात्र उरकलेला

राजवाड्याजवळच्या एका वाचनालयाच्या माडीवर हा वर्ग भरतो. सहा रविवार, दोन-दोन तास. विषय तीन: देव, इच्छास्वातंत्र्य, नीती. आगरकरांचं टेंभू आणि दाभोलकरांचं सातारा ज्या जिल्ह्यात, तिथे असा वर्ग चालतो याचं नवल नाही. तो बऱ्यापैकी नीट चालतो, याचं थोडं आहे.

खरी मेहनत पूर्वपक्षावर घेतात. समोरच्याचं म्हणणं दोन मिनिटांत मांडायचं, त्याने "हो, हेच" म्हटलं तरच खंडनाला हात घालायचा. "म्हणजे तुमच्या मते देव नसेल तर सगळे चोऱ्या करतील" असलं काही मांडलं की नामंजूर, पुन्हा मांडा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. "नास्तिक" शब्दाची फोडही पहिल्याच दिवशी होते. जुन्या वर्गवारीत वेदप्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. म्हणून वेद मानणारे, पण जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक आस्तिकांत, आणि बौद्ध-जैन चार्वाकांच्या पंगतीला. हे ठरलं नाही तर दोघे तासभर दोन वेगळ्या गोष्टींवर भांडतात.

तिसरा रविवार, इच्छास्वातंत्र्याचा, सर्वांत कसदार. मेंदूसंशोधक बेंजामिन लिबेटचा 1983 चा प्रयोग पडद्यावर करून दाखवतात: घड्याळासारख्या तबकडीवर 2.56 सेकंदांत एक फेरा मारणारा ठिपका, मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं, आणि इच्छा जाणवली तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगायचं. "बारावर आला की हलवतो" असं आधीच ठरवलं की ती खेप बाद. लिबेटच्या नोंदींत मेंदूतली हालचाल कृतीच्या सुमारे 0.55 सेकंद आधी सुरू झाली, इच्छेची जाणीव सुमारे 0.2 सेकंद आधी; म्हणजे मेंदू आधी ठरवतो, आपल्याला मागाहून कळतं, असा अर्थ काढला जातो. माडीवर मेंदूचा आलेख काढायची सोय नाही, त्यामुळे दिसते ती फक्त दुसरी बाजू, तीही सांगणाऱ्याच्या अंदाजावर. हे ते लपवत नाहीत, ही जमेची बाजू. यावरचा मेंदूसंशोधक शूर्गरचा 2012 मधला आक्षेपही सांगतात: मेंदूतले आपोआपचे चढउतार उंबरठा ओलांडतात तेव्हा हात हलतो; हलण्याच्या क्षणापासून मागे सरासरी काढली की तोच चढ आधी घेतलेल्या निर्णयासारखा भासतो.

पाचव्या रविवारी, नीतीच्या तासाला, मात्र घसरतात. पेढेवाल्याने चुकून शंभराची नोट जास्त परत दिली, पाहणारं कोणी नाही; ती का द्यायची? उदाहरण नामी. पण उत्तर म्हणून लगेच उत्क्रांती: टोळीत सहकार्य करणारे टिकले. यातून नोट परत द्यावीशी का वाटते ते कळतं; द्यायला हवी का, हा प्रश्न तसाच राहतो. "आहे" वरून "असावं" वर मारलेली ही उडी तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकातच पकडली होती. श्रद्धाळू बाजूला प्लेटोचा पेच घालतात, देवाला रुचतं म्हणून चांगलं की चांगलं म्हणून देवाला रुचतं. तितकाच कडक सवाल स्वतःच्या, उत्क्रांतीवाल्या बाजूला करत नाहीत. त्या शंभराच्या नोटेला अख्खा रविवार हवा होता. मिळतात चाळीस मिनिटं, त्यातली दहा चहाची.