आठ दिवसांत गाडी, की महिनाभर रोज अर्धा तास?

लर्निंग लायसन्स हातात आलं की तीस दिवस पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. त्यामुळे आठ दिवसांच्या क्रॅश कोर्सने लायसन्स लवकर मिळेल, हा हिशोब तिथेच चुकतो. लर्निंगची मुदत सहा महिने असते, घाई कसली?

तरी क्रॅश कोर्सचा एक फायदा मानायलाच हवा. रोज दोन तास बसलात की हात बसतो. कालचं आज विसरायला होत नाही. पूर्वी कधीतरी शिकून सोडून दिलेल्यांना, किंवा सुट्टी काढून आलेल्यांना तो बरा.

पण अगदी नवख्याला? चढावर सिग्नलला थांबलात, मागे रिक्षा चिकटलेली, हाफ क्लच (अर्धवट दाबून धरलेला क्लच) सुटला की गाडी मागे सरकते. क्लासच्या गाडीत शेजारी सरांच्या पायाखाली वेगळा क्लच-ब्रेक असतो, म्हणून आपल्याला वाटतं जमलं! (माझंही असंच झालं होतं.) महिनाभराच्या क्लासात संध्याकाळची गर्दी, पाऊस, रात्रीचे अप्पर (समोरून डोळ्यांवर येणारे हेडलाइट) सगळं वाट्याला येतं. क्रॅश कोर्समध्ये रोजच्या दुसऱ्या तासाला पाय दुखून लक्ष उडतं, ते वेगळंच.

घरी सरावाला गाडी आणि शेजारी बसायला लायसन्सवालं माणूस नसेल, तर मी महिन्याचाच घेईन.