गोडाऊनला स्प्रिंकलर कोणता: साधा, ईएसएफआर की रॅकमधला?

बेळगाव जिल्ह्यात कोगनोळीपासून काकतीपर्यंत हायवेच्या कडेनं गोडाऊनच्या शेडी उभ्या आहेत, आणि त्यांचे मालक मला फोन करतात तेव्हा बहुतेक वेळा पत्रा चढलेला असतो. "अण्णा, स्प्रिंकलरला चौरस फुटाला रेट काय पडेल?" हा पहिला प्रश्न. रेट मी शेवटी सांगतो. आधी विचारतो: आत काय ठेवणार, किती उंच ठेवणार, आणि छप्पर कसलं आहे? या तीन उत्तरांवरून पद्धत ठरते. ती चुकली तर पाइप, पंप, टाकी सगळं असूनही आग आवरत नाही. म्हणून ही तुलना जरा सविस्तर करतो.

पहिली पद्धत म्हणजे छतावर साधे स्प्रिंकलर. त्यांचा हिशोब "इतक्या क्षेत्रावर मिनिटाला इतके मिलिमीटर पाणी" असा मांडतात, म्हणून तिला घनतेची पद्धत म्हणू. दुसरीतही हेड, म्हणजे पाणी फवारणारी तोंडं, छतावरच, पण मोठ्या भोकाचे आणि लवकर उघडणारे, ते ईएसएफआर (अर्ली सप्रेशन फास्ट रिस्पॉन्स). तिसरीत छतावरच्या हेडबरोबर रॅकच्या पोटातही वेगळी लाइन फिरवतात, ती इन-रॅक. मालक चौथा पर्याय सुचवतात, नुसते हायड्रंट, म्हणजे होजपाइप जोडायचे आगीचे नळ. हायड्रंट हवेतच, पण होज ओढायला माणसं लागतात. रात्री तीन वाजता शेडवर एकटा वॉचमन असतो. स्प्रिंकलर कुणाची वाट बघत नाही, म्हणून हा पर्याय मी तुलनेत धरतच नाही.

आधी माल बघा

उद्यमबागच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये मालक मला म्हणाले, "आमचं सगळं लोखंड आहे, जळणार काय?" रॅकवरून एक क्रेट खाली घेतला. आत कास्टिंगचे तुकडे, त्यांना गंज लागू नये म्हणून तेलकट कागद, आणि क्रेट निळ्या पॉलिप्रॉपिलीनचा. खाली पॅलेटही प्लास्टिकचं. असे क्रेट सहा थरांत, छतापर्यंत. लोखंड जळणार नाही हे खरंच, पण त्या रॅकवर जळणारा माल म्हणजे क्रेट आणि पॅलेट, आणि तो तर भिंतीसारखा उभा होता.

एनएफपीए 13 या अमेरिकन स्प्रिंकलर मानकात मालाचे चार वर्ग आहेत आणि त्यांच्यावर प्लास्टिकचे गट. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, थर्माकोल हे सगळ्यांत कडक, म्हणजे ए गटात येतात. साधा माल लाकडी पॅलेटऐवजी प्लास्टिकच्या पॅलेटवर ठेवला तर त्याचा वर्ग एकानं वर चढतो, पॅलेटमध्ये मजबुती घातलेली असेल तर दोनानं. एका जागी लाकडी पॅलेट धरून मी आराखडा दिला आणि वर्षाच्या आत तिथे प्लास्टिकची आली. तेव्हापासून पॅलेट कसलं हे मी मालकाकडून लिहून घेतो.

त्या क्रेटमध्ये आणखी एक अडचण होती, ती फार थोड्यांच्या लक्षात येते. क्रेट उघड्या तोंडाचे. वरून पडलेलं पाणी खालच्या थरांपर्यंत झिरपायला हवं, ते क्रेटमध्येच साठतं. म्हणून उघड्या तोंडाचे जळाऊ क्रेट आणि सलग फळ्यांचे रॅक ईएसएफआरच्या सर्वसाधारण तरतुदींत बसत नाहीत. तिथे "नवीन शेड आहे, ईएसएफआर टाकू" असा कोटेशनवाल्याचा सल्ला होता. तो मान्य झाला असता तर सगळ्यांत महागडे हेड लावूनही बचाव कागदावरच राहिला असता. आम्ही इन-रॅककडे वळलो.

ईएसएफआर: ताकद मोठी, अटीही कडक

साधा के-80 हेड आणि ईएसएफआरचा के-360 हेड शेजारी धरून बघा; के-आकडा जितका मोठा तितकं त्याच दाबाला जास्त पाणी. एकाचं भोक अर्ध्या इंचाचं, दुसऱ्याचं जवळपास इंचभर. मोठे थेंब वर येणाऱ्या गरम झोताला चिरून खाली पेटलेल्या मालावर पोहोचतात. भोवतीचा माल ओला करून आग तेवढ्याच भागात रोखायची, हे साध्या हेडचं काम. ईएसएफआरचा उद्देश आग लहान असतानाच दाबून टाकण्याचा आहे.

याचा हिशोब एकाच वेळी 12 हेड उघडतील असं धरून होतो, तीन लाइन आणि प्रत्येकीवर चार. समजा छत 9.1 मीटर, माल 7.6 मीटरपर्यंत, आणि के-200 हेडला साडेतीन बारचा दाब. एका हेडमधून मिनिटाला साधारण 374 लिटर, 12 मधून 4,490 लिटर. हायड्रंटसाठी मिनिटाला 946 लिटर वेगळे. हे तासभर पुरवायचं म्हणजे सव्वातीन लाख लिटरची टाकी.

आता घनतेची पद्धत घ्या. प्लास्टिक असलेल्या मालाच्या जमिनीवरच्या थप्पीसाठी मिनिटाला 24.4 मिलिमीटर आणि 186 चौरस मीटर अशा पट्ट्यातले आकडे येतात. गुणाकार केला तर मिनिटाला सुमारे 4,540 लिटर, जवळजवळ तेवढेच. पण इथे हायड्रंटसाठी मिनिटाला 1,900 लिटर आणि पाणी दोन तास पुरायला हवं. टाकी जाते पावणेआठ लाख लिटरवर. हेड स्वस्त आणि टाकी दुपटीहून मोठी, हा हिशोब कोटेशनच्या पहिल्या पानावर दिसत नाही. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या जमिनीत एवढी टाकी बांधायचा खर्च ज्यानं केलाय त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

मग सगळ्यांनीच ईएसएफआर का घेऊ नये? कारण तो चूक पोटात घालत नाही. पहिल्या काही हेडचं पाणी आगीवर पडायलाच हवं. मध्ये केबल ट्रे, मोठा दिवा किंवा डक्ट आला तर ते पाणी अडतं, आग वाढते, 12 पेक्षा जास्त हेड उघडतात आणि दाब कोसळतो. हेडच्या खाली मालापर्यंत 900 मिलिमीटर मोकळी जागा लागते, साध्या हेडला 450 चालते. एका हेडखाली 9.3 चौरस मीटरपेक्षा जास्त क्षेत्र नको. साधारण 13.7 मीटर उंचीच्या छतापर्यंत नुसत्या छतावरच्या ईएसएफआरवर भागू शकतं, पण त्यासाठी हेड आणि दाब दोन्ही वाढतात.

छताच्या उताराची अटही आहे: 12 फुटांत 2 फुटांपेक्षा जास्त चढ नको. हल्लीच्या कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या लोखंडी शेडींचा उतार बहुधा 10 फुटांत 1 फूट असतो, त्या आरामात बसतात. कौलारू छप्पर बसत नाही, कारण गरम हवा उतारानं सरळ आढ्याकडे धावते आणि आगीपासून लांबचे हेड आधी उघडतात.

निपाणीच्या वखारीला काय करावं

जुन्या तंबाखूच्या वखारी असलेले मालक मला विचारतात की आता तिथे रॅक लावून कंपन्यांना भाड्यानं द्यावं का. जाड भिंती, कौलं, लाकडी कैच्या, आणि मधोमध आढं उंच. अशा जागेत ईएसएफआरचा विषयच काढू नये. घनतेच्या पद्धतीतही 3.7 मीटरपेक्षा उंच साठवणुकीच्या आकड्यांना उताराची तीच अट लागू होते.

माझं मत स्पष्ट आहे: थप्पी 3.7 मीटरच्या खाली ठेवा. तेवढ्या उंचीपर्यंत पोत्यांतल्या बऱ्याच साध्या मालाला मिनिटाला 8.1 मिलिमीटर आणि 139 चौरस मीटर हा हिशोब चालतो. उतार जास्त म्हणून क्षेत्र 30 टक्क्यांनी वाढवा, 181 चौरस मीटर. मिनिटाला साधारण 1,460 लिटर आणि हायड्रंटचे 946. तास-दीड तास धरला तर दीड ते सव्वादोन लाख लिटरमध्ये काम होतं. उंची गमावली म्हणून भाडं कमी मिळेल, पण त्या वखारीला झेपेल अशी हीच व्यवस्था आहे. भाडेकरूच्या करारात थप्पीची उंची आणि "प्लास्टिकचा माल नाही" हे दोन्ही घाला, आणि भिंतीवर लाल पट्टा मारून हमालांना दाखवा.

हेडमध्ये काचेचा बल्ब असतो, तो तापून फुटला की पाणी सुटतं. तंबाखूच्या भुकटीचा थर त्याच्यावर बसतो, त्यामुळे बल्ब उशिरा तापतो. हेड दर सहा महिन्यांनी बघायला हवेत. दिवाळीआधी रंगकाम काढलं की रंगारी पाइपबरोबर हेडवरही ब्रश फिरवतो. रंग लागलेला हेड पुसून वापरू नये, बदलायचा.

गोकाकच्या बाजूला कापसाच्या गाठी ठेवणाऱ्यांसाठी एवढंच: गाठी पाणी पिऊन फुगतात. भिंतीपासून 600 मिलिमीटर अंतर सोडा, नाहीतर आग विझेल आणि भिंत बाहेर पडेल.

इन-रॅक कधी

माल कडक, छत उंच किंवा पाणी मर्यादित असेल तेव्हा रॅकमधली लाइन सगळ्यांत खात्रीची. आग जिथे पेटते तिथेच दोन-तीन फुटांवर हेड असतो. ए गटाच्या प्लास्टिकला रॅकमध्ये एकापेक्षा जास्त पातळ्या असतील तर वरच्या दोन पातळ्यांवरचे मिळून 14 हेड हिशोबात धरतात, प्रत्येकी मिनिटाला 114 लिटर, म्हणजे सुमारे 1,600 लिटर. त्या बदल्यात छतावरची घनता बरीच खाली येते.

मालकांना हा पर्याय आवडत नाही आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. फोर्कलिफ्टचा काटा पाइपला लागतो, रॅक हलवायचा तर आधी लाइन रिकामी करावी लागते. दर हंगामाला मांडणी बदलत असेल तर मी आग्रह धरत नाही. मांडणी पक्की असेल, जसं सुट्या भागांच्या गोडाऊनमध्ये असते, तर धरतो. रॅकच्या दोन ओळींमधली आणि पॅलेटमधली 150 मिलिमीटरची उभी फट मात्र मोकळी राहायला हवी. धूर आणि उष्णता तिथूनच वर जाते, आणि पाणीही तिथूनच खाली उतरतं. जागा वाचवायला पोती त्या फटीत कोंबली की आराखडा गेला.

तिन्हींना लागू होणाऱ्या गोष्टी

बेळगाव-खानापूरला थंडी पडते, पण पाइपमधलं पाणी गोठत नाही, म्हणून पाइप कायम भरलेले ठेवा. ईएसएफआर तसाच चालतो. हेडचं तापमान मात्र विचार करून निवडा. लाल बल्ब 68 अंशाचा, पण त्या टप्प्यातले हेड छताखालचं तापमान 38 अंशांच्या आत राहणार असेल तिथेच वापरायचे. एप्रिल-मेमध्ये उघड्या पत्र्याखाली ते सहज ओलांडतं. तिथे पिवळा किंवा हिरवा, म्हणजे 79 किंवा 93 अंशांचा घ्यावा.

वीज जाते तेव्हाच आग लागणार नाही अशी हमी कुणी देत नाही, म्हणून विजेच्या पंपाला जोडून डिझेल पंप हवाच, आणि दाब टिकवायला छोटा जॉकी पंप.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय मानक आयएस 15105 आणि 2016 ची राष्ट्रीय बांधकाम संहिता आधाराला घ्यावी, उंच रॅकच्या तपशिलासाठी एनएफपीए 13. परवानगी कर्नाटक राज्य अग्निशमन आणि तुर्तु (आपत्कालीन) सेवा खात्याची. ज्यांची एक शेड कागल एमआयडीसीत आणि दुसरी निपाणीत आहे त्यांनी लक्षात ठेवा, महाराष्ट्रात 2006 च्या कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, लागतो. तो कागद सीमेच्या अलीकडे चालत नाही, इकडचं खातं आणि कायदा वेगळा.

विमा कंपनीच्या इंजिनिअरला आराखडा पाइप खरेदीच्या आधी दाखवा. पाइप चढल्यावर त्यानं आक्षेप घेतला तर बदल तुमच्या खिशातून.

नवी शेड, पेटीबंद माल, फळ्या नसलेले रॅक आणि 13.7 मीटरच्या आतलं छत असेल तर मी ईएसएफआर सुचवतो, मग हेड महाग पडले तरी चालतील. कौलारू वखारीला बुटकी थप्पी आणि साधे हेड. उघडे क्रेट किंवा पक्की मांडणी असेल तर इन-रॅक. आणि काहीही निवडलं तरी टाकीची जागा शेडच्या फाउंडेशनआधी ठरवा. पंप रूम अशी बसवा की टाकीतलं पाणी आपोआप पंपात उतरेल, पंपाला ते वर ओढावं लागणार नाही. फरशी झाल्यावर ही जागा मिळत नाही, आणि मग मालक मला टाकी लहान करायला सांगतात.