चुंबकीय बीड्सवर एकाच वेळी तीन जिवाणू: काही महिन्यांच्या वापरानंतर

दूध आणि पनीर तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत साल्मोनेला, ई. कोलाय ओ१५७ आणि लिस्टेरिया या तिघांसाठी तीन वेगळे ब्रॉथ (जिवाणू वाढवण्याचे पोषक द्रव), कॉलनी म्हणजे जिवाणूंच्या वसाहती उगवण्यासाठी तीन प्रकारच्या प्लेट आणि खात्रीच्या निकालासाठी चार-पाच दिवस लागत. आता प्राथमिक चाचणीसाठी आम्ही चुंबकीय बीड्सचा (सूक्ष्म मण्यांचा) एकत्रित संच वापरतो. सुमारे ६.५ मायक्रॉन व्यासाच्या या बीड्सवर ठरावीक जिवाणूला पकडणारी प्रतिपिंडे (त्यालाच चिकटणारी प्रथिने) लावलेली असतात, आणि बीड्समध्ये दोन रंगद्रव्ये निरनिराळ्या प्रमाणात मुरवलेली असतात. त्या प्रमाणावरून कोणता बीड कोणत्या जिवाणूचा हे यंत्र ओळखते, आणि पकडलेल्या जिवाणूवर चिकटलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या चमकेवरून त्याचे प्रमाण काढते.

धुण्याची पायरी सोपी आहे. चाचणीच्या खाचांच्या प्लेटखाली चुंबक ठेवला की बीड्स तळाशी थांबतात आणि वरचे द्रव ओतून देता येते. मात्र वापरण्यापूर्वी बीड्स नीट व्हॉर्टेक्स केले (यंत्रावर जोरात हलवले) नाहीत तर गुठळ्या होतात, आणि उजेडात राहिल्यास त्यांचे रंग फिके पडतात.

खरी अडचण दुधातल्या स्निग्धांशाची आहे. तो बीड्सना चिकटतो आणि चमक घटते. सेंट्रिफ्यूज करून साय काढावी, तर सायीबरोबर पुष्कळसे जिवाणूही वर जातात. म्हणून प्रमाणित वक्र (चमकेवरून जिवाणूंची संख्या काढण्याचा आलेख) बफर या साध्या क्षारद्रावणात न काढता निर्जंतुक दुधातच काढावा, असे माझे ठाम मत आहे.

संच ‘मोजतो’ हा दावा जपून घ्यावा. थेट दुधात मिलिलिटरमागे हजारो पेशी असल्याशिवाय चमक पार्श्वभूमीच्या वर स्पष्ट उठत नाही, तर नियमानुसार साल्मोनेला २५ ग्रॅममध्ये मुळीच नसावा लागतो. त्यासाठी नमुना रात्रभर ब्रॉथमध्ये वाढवावा लागतो, आणि एकदा जिवाणू वाढले की मिळणारा आकडा ब्रॉथचा असतो, मूळ पनीरचा नव्हे. शिवाय मेलेल्या पेशीही प्रतिपिंडाला चिकटतात, त्यामुळे पाश्चरीकृत दुधात हा आकडा फसवा ठरू शकतो. ओ१५७ च्या प्रतिपिंडाला एशेरिकिया हर्मानीसारखे निरुपद्रवी जिवाणूही प्रतिसाद देतात.

त्यामुळे सकारात्मक नमुना आम्ही प्लेटवर नेतोच, आणि अधिकृत अहवालही कॉलनी पाहूनच देतो. माल अडवून ठेवायचा की नाही, हा अंतर्गत निर्णय मात्र आता दुसऱ्या दिवशी होतो. संचाची किंमत त्यातच वसूल होते. लिस्टेरियासाठी हाफ-फ्रेझर ब्रॉथची वेगळी बाटली ठेवावीच लागते, कारण सामाईक ब्रॉथमध्ये तो हळू वाढतो आणि इतर दोघे त्याला मागे टाकतात.