साधं मीठ की कमी सोडियमचं?
कोल्हापुरात बीपी वाढलं की दोष तांबड्या रश्श्याच्या तिखटाला. खरं काम मिठाचं. साध्या मिठाच्या एका सपाट चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅममध्ये, सुमारे २ ग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादाही तेवढीच. मिसळीवरचं फरसाण, पापड, लोणचं यांतच ती संपत येते. जादा सोडियम पाणी धरून ठेवतं, दाब चढतो, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. (सैंधव? एकाच माळेचे मणी.)

कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराईडचा असतो. चव किंचित कडवट, पण बीपी उतरायला मदत होते. किडनी धडधाकट असेल तर मी हेच घेईन, तेही बेतानंच. किडनी अधू असेल तर मात्र नको: पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. टेल्मिसार्टनसारखी, पोटॅशियम वाढवू शकणारी बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.