वर्षश्राद्धाचे पाचशे डॉलर: मॅनहॅटनमधली तीन दारं

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या एका मित्राने आईच्या वर्षश्राद्धानिमित्त पाचशे डॉलर बाजूला काढलेत. मॅनहॅटनमधल्या चर्चच्या अन्नछत्राला द्यायचे ठरलंय, पण कुठल्या ते ठरत नाही. मला तीन माहीत आहेत आणि तिघांचा स्वभाव वेगळा.

पहिलं होली अपॉसल्स चर्चचं. पेन स्टेशनवर उतरून चालत जाता येतं, नववा अ‍ॅव्हेन्यू आणि अठ्ठाविसावा रस्ता. १९८२ साली सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी जेमतेम पस्तीस पानं उठली. पुढे आकडा रोज हजाराच्या घरात गेला. १९९० मध्ये चर्चला आग लागली. दुरुस्तीनंतर प्रार्थनेची बाकं परत ठोकलीच नाहीत, त्या जागी टेबलं मांडून पंगती बसू लागल्या. सभामंडपात भंडारा असतो, अगदी तसं. कारभार मोठा, हिशेब चोख. पावती मिळते, आणि ती लागतेच: २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीची करवजावट घ्यायची तर संस्थेचं लेखी पत्र हवं. २०२६ पासून स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ठरलेली सरसकट वजावट, घेणाऱ्यांनाही पैशाच्या देणगीवर वजावट आहे, एकट्याला हजार डॉलरपर्यंत, जोडप्याला दोन हजार. ऑफिस तेवढीच रक्कम वर घालत असेल, तर पाचशेचे हजार होतात. मात्र काही कंपन्या यातून धार्मिक संस्था वगळतात, एचआरला आधी विचारा.

दुसरं सेंट फ्रान्सिसचं ब्रेडलाइन, एकतिसाव्या रस्त्यावर, पेन स्टेशनच्या अगदी जवळ. मंदीच्या काळात, १९३० साली सुरू झालं. इथे पंगत नाही. सकाळी रांग, हातात सँडविच आणि कॉफी. आपल्या मनातल्या अन्नदानात वाफाळता भात असतो, त्यामुळे हे थोडं कोरडं वाटेल. रात्र फुटपाथवर काढलेल्या माणसाला तसं वाटत नसावं.

तिसरं ईस्ट फर्स्ट स्ट्रीटवरचं सेंट जोसेफ हाउस, कॅथलिक वर्कर या चळवळीतल्या मंडळींचं. डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी १९३३ मध्ये ही चळवळ उभी केली. यांनी सरकारकडे करमाफीचा दर्जा मागितलाच नाही, म्हणजे देणगीवर वजावट शून्य. १९६० ची गोष्ट मला फार आवडते. भुयारी रेल्वेसाठी शहराने यांचं घर ताब्यात घेतलं होतं. त्याची भरपाई मिळाली, वर ३,५७९ डॉलर ३९ सेंट व्याज. व्याज खाणं आम्हाला मान्य नाही, असं कळवून डोरोथीबाईंनी तेवढी रक्कम शहराला परत केली! आपल्याकडे ज्याला गुप्तदान म्हणतात, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारं हेच दार.

शिधा नेऊन द्यावा का? मी एकदा घरच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन न्यू जर्सीतल्या एका चर्चमध्ये गेलो होतो. चाळीस पुऱ्या, फॉइलमध्ये गुंडाळून, अजून गरम. दारातल्या बाईंनी वास घेतला, हसल्या आणि डबा परत दिला: घरी शिजवलेलं चालत नाही. पुढचे दोन दिवस आम्हीच त्या पुऱ्या चहाबरोबर खाल्ल्या. विकतचा तांदूळ, डबाबंद भाज्या चालतात, पण फोन करून विचारून न्या. हे लोक घाऊकात घेतात. आपण पटेल ब्रदर्ससारख्या भारतीय किराणा दुकानातून पोती नेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत ते जास्त घेतात. श्रमदानाचं म्हणाल तर वेळेवर वजावट नाही, गाडीच्या खर्चापोटी मैलामागे १४ सेंटची वजावट धरता येते. आणि दिवाळीच्या सुट्टीत जाण्यापेक्षा फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी जा. थँक्सगिव्हिंगला तर वाढायला माणसं उदंड असतात.

मित्राला मी सांगितलं: ऑफिस जोड देत असेल तर होली अपॉसल्स, नसेल तर ईस्ट फर्स्ट स्ट्रीट. त्याची बायको म्हणाली, सासूबाईंनी आयुष्यात कधी कुणाकडे पावती मागितली नव्हती. चेक अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे, नावाची जागा कोरी.