वही, एक्सेल की टॅली? दुकानाचा हिशेब कशात ठेवावा

हार्डवेअरचं किंवा होलसेल किराण्याचं दुकान, जीएसटी नंबर घेतलेला, गल्ल्यावर मालक आणि हाताखाली दोन-तीन माणसं. हिशेब कशात ठेवायचा हे इथे बहुतेक जण किमतीवरून ठरवतात. मी आधी विचारतो, नोंदी किती जण करणार?

एकटे मालकच लिहिणार असतील तर वही, म्हणजे कीर्द (रोजच्या नोंदी) आणि खतावणी (ज्याच्या-त्याच्या नावाचं खातं), आजही चालते. खाडाखोड केली तर डोळ्यांना दिसते, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याच्या उधारीचं पान झटकन निघतं. वही अडते ती जीएसटीपाशी. खरेदीची बिलं पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बीशी (व्यापाऱ्यांनी आपल्या नावावर चढवलेल्या बिलांच्या यादीशी) ताडायची तर एकेक बिल हाताने जुळवत बसावं लागतं. माल देणाऱ्या व्यापाऱ्याने आपलं बिल पोर्टलवर चढवलंच नसेल तर ते वेळेत कळायला हवं, कारण आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणारी ३० नोव्हेंबर उलटली की त्या वर्षाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, गेलं. जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र त्याआधीच भरलं असेल तर मुदतही आधीच संपते.

एक्सेल स्वस्त, ओळखीचं आणि तिघांत सगळ्यात फसवं. चुकून एखादा आकडा पुसला गेला तर बेरीज निमूट बदलते, कोणी बदलली याचा माग सहसा उरत नाही. बिल नंबर ००४५ टाकला की ४५ होतो. मोठ्या संस्थाही यात फसल्या आहेत: २०२० साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने जुन्या पद्धतीची एक्सेल फाइल वापरली, तिच्या ६५,५३६ ओळी भरल्या आणि १५,८४१ कोरोनाबाधितांच्या नोंदी आकडेवारीत यायच्या राहून गेल्या. कोटेशन काढायला, दर ताडायला एक्सेल उत्तम. उधारी मात्र त्यात ठेवू नये.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर; तिचा खरा फायदा बिलवार येण्यांत आहे. कोणाकडे किती, कोणत्या बिलाचे, किती दिवसांपासून, हे एका पडद्यावर दिसतं आणि वसुलीला निघताना तोच कागद हातात असतो. नोंद कोणी, कधी बदलली हे दाखवणारी एडिट लॉगची सोयही आहे. कंपन्यांना असा माग ठेवणं १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं झालं. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला ती सक्ती नाही, पण गल्ल्यावर तीन माणसं बसत असतील तर ही सोय हवीच. खर्च लायसन्सचा आणि जाणत्या माणसाच्या पगाराचा. मालकाला स्वतःला लेजर (टॅलीतली खतावणी) उघडता येत नसेल तर सगळा धंदा अकाउंटंटच्या मुठीत जातो, तेव्हा तेवढं शिकून घ्याच.

थोडक्यात, एकटे असाल तर वही आणि दरमहा सीएकडे बिलं. दुसरा माणूस नोंदी करू लागला की टॅली, उलाढाल कितीही असो.

बदल १ एप्रिलला करा. ३१ मार्चला माल मोजा, आणि जुनी येणी एकरकमी न चढवता बिलाबिलाने चढवा. जुन्या वह्या रद्दीत घालू नका: जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने त्या जपाव्या लागतात.