बेघर निवारा केंद्र आणि पेटीची किल्ली

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या फलाटावर झोपणाऱ्या एका आजोबांना आम्ही शहरातल्या एका बेघर निवारा केंद्रात नेले आणि त्यानंतर महिनाभर तिथे आमचे येणे-जाणे राहिले. हा अभिप्राय त्या अनुभवाचा आहे.

तिथली व्यवस्था चांगली आहे. चादरी धुतलेल्या असतात, आंघोळीला गरम पाणी मिळते आणि कर्मचारी प्रत्येकाशी अहो-जाहोने बोलतात, हे रस्त्यावर दिवस काढलेल्या माणसाला थोडे नव्हे. सामानासाठी लोखंडी पेटीही मिळते. आजोबांनी आपले गाठोडे तीत ठेवले, कुलूप लागताना पाहिले आणि हळूच विचारले, "मग किल्ली माझ्याकडं न्हाई व्हय?" किल्ली कार्यालयात ठेवायचा नियम होता. त्यांनी गाठोडे परत मागून घेतले आणि ते उशाला घेऊनच झोपले.

माझी तक्रार नियमांबद्दल आहे. तिसऱ्या आठवड्यात आजोबा थोडी पिऊन आले, तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवले गेले आणि ती रात्र त्यांनी पावसात काढली. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी 'हाऊसिंग फर्स्ट' ही पद्धत सुरू केली ती नेमकी याच्या उलट आहे: आधी व्यसन सोडा, उपचार घ्या, मग घर, असे न म्हणता आधी स्वतंत्र घर द्यायचे आणि उपचार त्या माणसाच्या मर्जीने पुढे चालवायचे. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केले आणि निवारागृहांच्या इमारतींत सदनिका काढल्या. तिथे भाडेकरार राहणाऱ्याच्या नावावर असतो, त्यामुळे प्यायला एवढ्यावरून त्याला कोणी बाहेर काढत नाही. कोल्हापूरला तर हा विचार परका वाटू नये. राहायला जागा नसेल तर गावाकडच्या मुलापर्यंत शिक्षण पोचणारच नाही, हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे बोर्डिंगे उभी केली.

आपल्याकडच्या शहरी बेघर निवारा योजनेत माणशी किमान ५० चौरस फूट जागा सांगितली आहे. पण ती जागा खाटेची आहे, दार लावून घेता येईल अशा खोलीची नाही. म्हणून स्वच्छतेला आणि वागणुकीला मी पूर्ण गुण देतो, पण निवाऱ्याला पाचपैकी दोनच.

आजोबा पुन्हा फलाटावर असतात. भाडे आम्ही चौघे भरू, असे सांगून त्यांच्यासाठी दोन ठिकाणी खोली विचारली. दोन्ही घरमालकांनी आधी त्यांचा कामधंदा विचारला.